ट्वाइन : नकाशा आणि स्मृती

गेम बनवण्यासाठी लागणारी मूलभूत यंत्रणा एकत्र पुरवणारे सॉफ्टवेअर म्हणजे गेम इंजिन. बहुतेक इंजिनांचा विचार चित्रापासून सुरू होतो. ट्वाइनचा विचार वाक्यापासून सुरू होतो. म्हणूनच त्याची तपासणी केवळ तंत्रज्ञांवर सोपवून चालणार नाही. कोणतेही लेखनसाधन काही गोष्टी सोप्या करते, काही अवघड करते आणि लेखक नकळत सोप्या गोष्टींकडे वळतो. ट्वाइन लेखकाला कुठे वळवते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

ख्रिस क्लायमस यांनी २००९ मध्ये ट्वाइन तयार केले. आज ते थेट ब्राउझरमध्ये चालते. त्यासाठी खाते उघडावे लागत नाही, पैसे मोजावे लागत नाहीत आणि त्याचा सोर्स कोडही खुला आहे. लेखक एका चौकटीत मजकूर लिहितो. त्यातला एखादा शब्द दुहेरी चौकोनी कंसात टाकला की त्या नावाची नवी चौकट तयार होते आणि दोन्ही चौकटींना जोडणारा बाण पडद्यावर उमटतो. वाचकाला तो शब्द दुवा म्हणून दिसतो. एवढे जमले की पहिली शाखायुक्त कथा लिहिता येते.

या सोपेपणाचे मोल ऐतिहासिक आहे. हायपरटेक्स्ट कथा ट्वाइनच्या आधीही होती. मायकेल जॉइस यांची ‘आफ्टरनून, अ स्टोरी’ १९८७ची आहे. मात्र ती ज्या स्टोरीस्पेसमध्ये लिहिली गेली, ते विकत घ्यावे लागणारे सॉफ्टवेअर होते. ट्वाइनने हा उंबरठा काढून टाकला. २०१२-१३च्या सुमारास गेम उद्योगाबाहेरचे, विशेषतः लैंगिक अल्पसंख्याक समूहांतले अनेक लेखक या साधनाकडे आले. त्यांतील पॉर्पेन्टाइन यांच्या ट्वाइन-कृती २०१७च्या व्हिटनी द्वैवार्षिक प्रदर्शनात मांडल्या गेल्या. मोठ्या कंपन्यांच्या गेममध्ये ज्या अनुभवांना जागा नव्हती, ते अनुभव इथे एकट्या माणसाच्या लेखणीतून आले.

ट्वाइनची अडचण त्याच्या सर्वांत मोहक भागात, म्हणजे नकाशात आहे. साधे गणित पाहा. कथेत दहा ठिकाणी दोन-दोन पर्याय दिले आणि प्रत्येक फांदी स्वतंत्र ठेवली, तर १,०२४ शेवट लिहावे लागतील. ते कुणालाच शक्य नाही. म्हणून लेखक फांद्या पुन्हा एकत्र आणतो. पण मग मागे काय घडले, नायिकेने ते पत्र वाचले होते की नाही, हे कथेने लक्षात ठेवायला हवे. ही स्मृती ‘चल’ नावाच्या नोंदींमध्ये, चौकटींच्या आतल्या कोडमध्ये राहते आणि नकाशावर ती दिसत नाही. चौकटी आणि बाण पाहून लेखकाला वाटते की कथेची रचना आपल्यासमोर आहे. प्रत्यक्षात दिसतात त्या केवळ वाटा. कार्यकारणभाव दृष्टीआड असतो. परिणामी अनेक ट्वाइन-कथांमध्ये निवडी भरपूर असतात, पण त्यांचे पडसाद कुठेच उमटत नाहीत. वाचक दुवे दाबत राहतो आणि कथा त्याला विसरत राहते.

ट्वाइनमधील उत्तम कृती नेमकी हीच मर्यादा ओलांडतात. ‘डिप्रेशन क्वेस्ट’ (२०१३) या कृतीत नैराश्याने ग्रासलेल्या व्यक्तीपुढचे समजूतदार पर्याय पडद्यावर दिसतात, पण त्यांच्यावर काट मारलेली असते. ते दाबताच येत नाहीत. आधीच्या निवडींनुसार ही काट कमी-जास्त होते. पर्याय दिसणे आणि तो हाताशी असणे यांतले अंतर हाच तिथे आशय बनतो. ॲना ॲन्थ्रॉपी यांच्या ‘क्वीअर्स इन लव्ह ॲट द एंड ऑफ द वर्ल्ड’ (२०१३) मध्ये जगाच्या अंताआधी प्रिय व्यक्तीसोबत फक्त दहा सेकंद मिळतात. वाटा पुष्कळ आहेत, वेळ नाही. या दोन्ही कृतींचे बळ स्मृतीत आणि काळात आहे, आणि या दोन्ही गोष्टी नकाशा दाखवत नाही.

विस्मरणाचा दोष लेखकाच्या मसुद्यालाही लागतो. ब्राउझरमध्ये लिहिलेली कथा त्या यंत्रावरच्या त्या ब्राउझरच्या साठ्यातच राहते. ब्राउझरचा साठा पुसला की मसुदाही पुसला जातो. दुसऱ्या संगणकावर तो दिसतच नाही. सफारी ब्राउझर तर सात दिवस न वापरलेल्या संकेतस्थळाचा असा साठा आपणहून काढून टाकू शकतो. कादंबरीवर वर्षभर काम करणाऱ्यासाठी ही गंभीर बाब आहे. दोघांनी एकाच वेळी एका संहितेवर काम करण्याची सोयही नाही. शिवाय हार्लो आणि शुगरक्यूब या कथा-प्रारूपांच्या आज्ञा वेगळ्या आहेत. निम्म्यावर प्रारूप बदलायचे तर कोड पुन्हा लिहावा लागतो. देवनागरी मजकूर ट्वाइनमध्ये विनासायास उमटतो, पण या आज्ञा इंग्रजीतच द्याव्या लागतात. म्हणजे मराठी लेखकाला कथेच्या वाटा मराठीत आखता येतात, कथेची स्मृती मात्र इंग्रजीत लिहावी लागते.

याउलट, पूर्ण झालेली ट्वाइन-कथा कमालीची टिकाऊ असते. ती एकच एचटीएमएल फाइल असते आणि कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडते. २०२०च्या अखेरीस फ्लॅशला मिळणारे पाठबळ संपले, तेव्हा त्यावर आधारलेले असंख्य गेम एका फटक्यात मुके झाले. ट्वाइन-कथा अशा कोणत्याही वेगळ्या प्लेअरवर अवलंबून नाही.

ट्वाइन हे केवळ आराखड्याचे साधन आहे, असा एक बचाव केला जातो. ‘बँडरस्नॅच’ (२०१८) या संवादात्मक चित्रपटाची मांडणी करताना चार्ली ब्रूकर यांनी ते वापरले होते. पण हा बचाव ट्वाइनवर अन्याय करणारा आहे. वर उल्लेखिलेल्या कृती आराखडे नाहीत, त्या पूर्ण साहित्यकृती आहेत. त्या घडल्या, कारण त्यांच्या लेखकांनी नकाशाला कथा मानले नाही. मराठीत कुणी ट्वाइन हाती घेणार असेल, तर पहिली चौकट उघडण्याआधी आपली कथा वाचकाविषयी काय लक्षात ठेवणार आहे, याची यादी कागदावर करावी. आणि रोजच्या लेखनाची प्रत फाइल म्हणून वेगळी जपावी. लक्षात ठेवण्याचे काम या इंजिनाने दोन्ही बाबतींत लेखकावरच सोपवले आहे.