शेवटचा अंतरा कुठे गेला? भीमगीतांच्या प्लेलिस्ट तपासताना

१४ एप्रिल जवळ आला की आर्णीसारख्या गावात मोबाईलवर भीमगीतांच्या याद्या फिरायला लागतात. ‘जयंती स्पेशल’, ‘रमाई स्पेशल’, ‘फक्त जुनी भीमगीतं’ अशी त्यांची नावं. कोणी यूट्यूबवर प्लेलिस्ट बनवून लिंक पाठवतं, कोणी पेनड्राइव्ह भरून देतं. खाली लगेच अभिप्राय: ‘नादच नाही भाऊ’, ‘लहानपण आठवलं’, ‘दोन नंबरचं गाणं लय भारी’, ‘अमुक गाणं कसं काय सुटलं?’

लोकसंगीत, चाहते किंवा डिजिटल माध्यमं यांवर संशोधन करायचं ठरवत असाल, तर हे सगळं आयतं साहित्य वाटेल. गाणी आहेत, निवड आहे, वर लोकांची मतंही आहेत. पण हे साहित्य जसंच्या तसं उचललं तर एक मोठी चूक आपल्या प्रबंधात आपोआप शिरते. ती चूक कुठली, ते सांगण्यासाठी ही पोस्ट.

यादी म्हणजे विधान

आधी एक साधी गोष्ट. विषयवार यादी करणारा माणूस समीक्षकाचंच काम करत असतो. तो निवडतो, वगळतो, क्रम लावतो आणि वर नाव देतो. कवितांचा प्रातिनिधिक संग्रह काढणारा संपादक याहून वेगळं काय करतो? म्हणून यादीला विचारायचा पहिला प्रश्न ‘गाणी चांगली आहेत का?’ हा नाही. ‘ही यादी काय म्हणतेय?’ हा आहे.

जयंतीच्या याद्या साधारण दोन घडणीच्या दिसतात. पहिली चरित्राची. जन्म, शिक्षण, १९२७ चा महाडचा सत्याग्रह, रमाई, संविधान, १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची दीक्षा आणि शेवटी ६ डिसेंबर. ही यादी सलग ऐकली तर बाबासाहेबांचं गायलेलं चरित्र हाती येतं. तिचा ताण शोकाकडे जातो, कारण शेवटचं गाणं बहुधा महापरिनिर्वाणाचं असतं.

दुसरी घडण मिरवणुकीची. इथे क्रम ठरतो ठेक्यावर. सुरुवातीला वंदना, मग हळूहळू चढती लय आणि मधोमध डीजेवर वाजणारी गाणी. या यादीत बाबासाहेब इतिहासातून उठून आजच्या रस्त्यावर येतात. कोणी म्हणेल हा नुसता धिंगाणा आहे. मला तसं वाटत नाही. ज्या रस्त्यावरून कधीकाळी मान खाली घालून जावं लागत होतं, त्याच रस्त्यावर मोठ्या आवाजात गाणं वाजवणं हेही एक विधानच आहे.

दोन्ही याद्यांत तीच पाच-सहा गाणी असू शकतात आणि तरी अर्थ वेगळा होतो. क्रम बदलला की अर्थ बदलतो, हे चाहत्यांना आतून ठाऊक असतं. ‘वंदना पहिली पाहिजे होती’ अशी तक्रार कोणी करतो तेव्हा तो घडणीवरच बोलत असतो. अशी वाक्यं कमी असतात, पण संशोधकाच्या कामाची तीच. ‘लय भारी’ मोजून काही हाती लागत नाही.

नाव कोणाचं छापलंय?

आता दुखऱ्या जागेकडे येऊ. कुठलीही अशी यादी उघडा आणि गाण्यांची शीर्षकं वाचा. गाण्याचे पहिले शब्द, गायकाचं नाव, कंपनीचं नाव, फार तर ‘सुपरहिट’. गीतकार? असलाच तर खालच्या वर्णनाच्या घडीत, पुष्कळदा तिथेही नाही.

याची झळ सगळ्यांत जास्त कोणाला बसते ते बघा. वामनदादा कर्डक. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्म, मे २००४ मध्ये निधन. मधली कित्येक दशकं हा माणूस गावोगाव गात फिरला आणि त्याने हजारो गाणी लिहिली. ती त्यांच्या तोंडून लोकांकडे गेली, मग गायन पार्ट्यांकडे, मग कॅसेटवर आणि आता मोबाईलवर. प्रत्येक टप्प्यावर गाणं पुढे गेलं. नाव मात्र मागे राहत गेलं. आज विशीतल्या मुलाला गाणं तोंडपाठ असतं. लिहिलं कोणी असं विचारलं तर तो गायकाचं नाव सांगतो. यात त्या मुलाचा दोष नाही. त्याच्या पडद्यावर तेवढंच लिहिलेलं आहे.

गंमत अशी की वामनदादांनी याची सोय गाण्याच्या आतच करून ठेवली होती. त्यांच्या अनेक गाण्यांत शेवटच्या अंतऱ्यात ‘वामन’ येतो. ही नाममुद्रा. तुकोबांच्या अभंगात ‘तुका म्हणे’, जनाबाईंच्या अभंगात ‘जनी म्हणे’, गझलेत आणि कव्वालीत तखल्लुस, तीच ही रीत. छापखाना नसताना, कागदावर भरवसा नसताना कवीने आपली सही गाण्यातच विणून टाकायची. गाणं जाईल तिथे सही जाईल. आजच्या भाषेत सांगायचं तर गाण्याची माहिती गाण्याच्या पोटातच.

ही युक्ती चालते कधी? गाणं पूर्ण गायलं तर. मिरवणुकीसाठी गाणं कापताना मुखडा राहतो, ठेका राहतो, एखादा अंतरा राहतो. कात्री चालते ती शेवटावर. दहा गाण्यांचे तुकडे जोडून केलेल्या ‘नॉनस्टॉप’मध्ये तर शेवटचा अंतरा यायचा प्रश्नच नसतो. म्हणजे वरच्या पाटीवर नाव नाही आणि आतली सहीही कापली गेली. नाव पुसायचं कोणीच ठरवलेलं नसतं. लांबी कमी करता करता ते पुसलं जातं.

भीमगीतांच्या याद्यांवर माझा मुख्य आक्षेप हाच, आणि त्यांच्यावर अभिप्राय देणाऱ्यांवरही. गाणं सुटलं तर पन्नास जण ओरडतात. अंतरा सुटला तर कोणी बोलत नाही.

आधीच्या माध्यमांनी काय केलं होतं?

‘पूर्वी सगळं छान होतं’ असं म्हणायचं नाही. तरीही तुलना उपयोगी आहे. १९५७ साली सुरू झालेल्या विविध भारतीवर फर्माइशीची गाणी लागायची तेव्हा निवेदक गायक, गीतकार आणि संगीतकार अशी तिन्ही नावं सांगायचा. श्रोत्यांच्या पत्रांवर उभे असलेले ते कार्यक्रमही एका अर्थाने सामूहिक याद्याच होत्या, आणि ऐकणाऱ्याच्या कानावर गीतकाराचं नाव आपोआप पडत होतं.

पण भीमगीतांना त्या रेडिओवर जागा किती होती? फारच थोडी. त्यांचा प्रवास वेगळ्या वाटेने झाला: जलसे, गायन पार्ट्या, दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर विकल्या जाणाऱ्या स्वस्त पुस्तिका. शर्मिला रेगे यांनी ‘अगेन्स्ट द मॅडनेस ऑफ मनू’ या २०१३ च्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत या पुस्तिकांकडे आणि गाण्यांकडे ज्ञानाचं साधन म्हणून पाहिलं आहे. विद्यापीठाने ज्याला साहित्य मानलं नाही, तिथे एक अख्खा समाज वाचत आणि गात होता. पुस्तिकेचा एक साधा फायदा असा की तिच्या मुखपृष्ठावर कवीचं नाव असायचं.

मग कॅसेट आली. पीटर मॅन्युएल यांचं ‘कॅसेट कल्चर’ हे १९९३ चं पुस्तक उत्तर भारतावर आहे, पण त्यातला मुद्दा आपल्याला लागू पडतो: स्वस्त कॅसेटमुळे मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी मोडली आणि छोट्या उत्पादकांनी स्थानिक गाणी बाजारात आणली. कॅसेटच्या डबीत एक कागद असायचा. त्यावर नावं छापायला जागा होती, कधी छापली जायची, कधी नाही. मोबाईलवर तर जागेची अडचणच नाही, आणि तरी नाव सगळ्यांत कमी दिसतं ते इथेच.

हे बदलता येतं, याचा पुरावा मराठीतच आहे. ‘आठवणीतली गाणी’ हे अलका विभास यांचं संकेतस्थळ पाहा. भावगीत, नाट्यगीत, चित्रपटगीत असं काहीही उघडलं तरी गीत, संगीत, स्वर अशी वेगवेगळी नोंद मिळते. गाण्याच्या प्रेमातून उभं राहिलेलं काम इतकं शिस्तीचं होऊ शकतं. मग भीमगीतांचा चाहता हे का करू नये?

समोरचा मुद्दाही ऐकू

याला एक उत्तर हमखास मिळतं: ‘गाणं समाजाचं आहे, त्यात नाव कशाला?’ हे उत्तर हलकं समजू नका. ही गाणी खरोखरच सामूहिक आहेत. गायकाने चाल बदलली, गावाने शब्द बदलले, कोरसने त्यात स्वतःची ओळ घुसवली. प्रल्हाद शिंदे किंवा विठ्ठल उमप यांच्या आवाजाने एखाद्या गाण्याचं जे केलं, ते कागदावरच्या कवितेत नव्हतं. गायकाचं नाव दिसावं, मोठं दिसावं.

पण ‘समाजाचं’ म्हणत असताना गायकाचं आणि कंपनीचं नाव मात्र टिकतं, हे कसं? पुसलं जातं ते नेमकं लिहिणाऱ्याचंच. ज्यांच्या पिढ्यांना अक्षर नाकारलं, त्यांच्यातून अक्षर मिळवून उभ्या राहिलेल्या कवीचं नाव जाणं हा साधा तपशील नव्हे. शिवाय प्रश्न पोटाचाही आहे. कॉपीराइट कायद्याचं ५७ वं कलम लेखकाला आपली कृती आपली म्हणून सांगण्याचा हक्क देतं, आणि २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा अधिक पक्का केला. नोंदच नसेल तर वाटा मागायचा कशाच्या जोरावर?

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा. नाममुद्रा म्हणजे पक्का पुरावा नव्हे. बरोबर आहे. ‘नामा’ अशी मुद्रा असलेले सगळे अभंग संत नामदेवांचे की काही विष्णुदास नामाचे, हा वाद जुना आहे. मोठ्या नावाची मुद्रा लावून लहान कवी गाणं चालवतात, हेही होतं. म्हणून ‘वामन’ ऐकू आलं की लगेच ‘वामनदादा’ असं लिहून मोकळं व्हायचं नाही. मुद्रा हा धागा आहे. तो धरून छापील पुस्तिकेपर्यंत आणि जुन्या गायकापर्यंत जायचं.

तुम्ही अशी यादी अभ्यासणार असाल तर

यादी मिळाली त्याच दिवशी तारखेसह पूर्ण उतरवून ठेवा. प्लेलिस्ट ही जिवंत वस्तू आहे, उद्या त्यातली दोन गाणी उडालेली असतात. मग यादीची व्याख्या शोधा. करणाऱ्याने ‘भीमगीत’ कशाला म्हटलंय? अमरावतीच्या सुरेश भटांनी लिहिलेली ‘भीमवंदना’ त्यात आहे का? विषय बाबासाहेबांचा असला की पुरे, की गाणं जलशाच्या परंपरेतलं हवं? यादीत काय नाही यावरून हे जास्त कळतं.

त्यानंतर गाणं शेवटपर्यंत ऐका. हे सांगायला लागावं याचं वाईट वाटतं, पण शीर्षकांचा तक्ता करून विश्लेषण उरकणारे कमी नाहीत. शीर्षकांवरून ‘लोकप्रिय गीतकार’ मोजायला गेलात तर कंपनीच्या टायपिस्टने काय टाईप केलं तेवढंच मोजाल. एकाच गाण्याची पूर्ण आणि कापलेली अशी दोन रूपं शेजारी ठेवा. काय गळलं त्याची नोंद करा. माझ्या मते एका चांगल्या शोधनिबंधाला एवढं एक काम पुरेल.

आणि माणसांना विचारा. आर्णीत, दिग्रसला, दारव्ह्याला गायन पार्टीत पेटी वाजवलेले कोणी तरी भेटतील. त्यांच्या वहीत जे आहे ते कुठल्याही यादीत नाही. अभिप्राय लिहिणाऱ्यांची वाक्यं प्रबंधात वापरायची तर आधी परवानगी घ्या. त्यांनी ते मित्रांसाठी लिहिलं होतं, तुमच्या परिशिष्टासाठी नाही.

शेवटी, आपण नुसते अभ्यासक नाही, ऐकणारेही आहोत. पुढच्या वेळी कोणी यादी पाठवली तर ‘लय भारी’ जरूर म्हणा, कारण बनवणाऱ्याने त्यात वेळ घातलेला असतो. फक्त खाली एक ओळ जास्त टाका: ‘भाऊ, तीन नंबरचं गाणं कोणी लिहिलंय, आणि याचा शेवटचा अंतरा कोणाकडे आहे का?’ उत्तर आलं तर ते वहीत उतरवा. नाही आलं तर तुमच्या संशोधनाचा पहिला प्रश्न तुम्हाला मिळाला.