आधी ऐका, मग मोजा

व्यक्तिमत्त्व मापनावरचा नवा शोधनिबंध हल्ली सारांशावरूनच कळतो. कॉस्टा आणि मॅक्रे यांची, व्यक्तिमत्त्व पाच घटकांत मोजणारी पंचघटक शोधिका भाषांतरित करायची, महाविद्यालयीन मुलांकडून गूगल फॉर्मवर भरून घ्यायची, अल्फा गुणांक 0.70 च्या वर गेला की प्रमाणीकरण झालं म्हणायचं. मला या कामाचा राग येतो, कारण याच क्षेत्रात अत्यंत मोलाचं काम झालेलं आहे आणि आपण त्याच्याकडे पाठ फिरवून बसलो आहोत.

ते काम दक्षिण आफ्रिकेतलं. तिथल्या 1998 च्या रोजगार समानता कायद्याने नोकरीतल्या मानसशास्त्रीय चाचण्यांवर अट घातली: चाचणी सप्रमाण आणि विश्वसनीय असावी, सर्वांना न्याय्यपणे लागू पडावी, कोणत्याही गटाला अन्यायकारक नसावी. आयात चाचण्यांना हे ओझं पेलणारं नव्हतं. मग संशोधक तेव्हाच्या अकराही अधिकृत भाषांमध्ये लोकांकडे गेले, तेही प्रश्नावली न नेता. तुमच्या ओळखीची माणसं कशी आहेत ते सांगा, एवढंच त्यांनी विचारलं. सुमारे 1,200 जणांनी 50,000 हून अधिक वर्णनं दिली. त्यांतून कर्तव्यदक्षता, भावनिक स्थैर्य हे परिचित गुणविशेष तर आलेच. पण वाट दाखवणं, नाती सांभाळणं, मनाचा ओलावा यांनी फार मोठी जागा व्यापली. माणूस एकटा कसा आहे यापेक्षा तो इतरांशी कसा वागतो, हे लोकांना आधी सांगायचं होतं. पुढे प्रश्नावली तयार झाली तेव्हा त्या वर्णनांतून निघालेले नऊ गट आटून सहा घटक उरले, तरी हा सामाजिक भाग टिकला. सिद्धान्त असा जमिनीतून उगवतो.

चीनमध्ये मानसशास्त्रज्ञ फॅनी च्युंग यांनी आणि हिंदीत सिंह, मिश्र व डी राड यांनी याच दिशेने पावलं टाकली.

पंचघटक सार्वत्रिक आहेत, असं अजूनही ठासून सांगितलं जातं. बोलिव्हियातल्या त्सिमाने लोकांवरचा 2013 चा अभ्यास मग कुठे ठेवायचा? तिथे पाच घटक जुळलेच नाहीत. इतरांना धरून राहणं आणि कष्टाळूपणा, या दोनच गोष्टी ठळक दिसल्या. 2019 मध्ये 23 देशांतल्या समोरासमोर घेतलेल्या मुलाखतींचं विश्लेषण झालं, तेव्हाही पाच घटकांची घडी विस्कटली. दारात आलेल्या शिकल्यासवरल्या पाहुण्याच्या प्रत्येक विधानाला होकार देण्याची प्रवृत्ती हे त्यामागचं एक कारण होतं. आपल्याकडे सर्वेक्षण केलेल्या कुणालाही हे नवीन वाटू नये. तरीही होकारार्थी आणि नकारार्थी विधानांचा तोल न साधता आपण गुणांची बेरीज करतो, आणि त्या बेरजेवर मुलांना करिअरचे सल्ले देतो!

भाषांतरित शोधिकेमुळे जगाशी तुलना करता येते, असा बचाव होतो. तो मला अजिबात मान्य नाही. मोजपट्टी दोन्हीकडे तेच मोजते हे आधी सिद्ध करा. नुसता अल्फा ते सिद्ध करत नाही. विधानं एकमेकांशी जुळतात, इतकंच तो सांगतो. मराठीत काम करायचं असेल तर मेळघाटात, बीडच्या ऊसतोड कामगारांत, मालवणच्या मच्छीमारांत जाऊन त्यांच्या बोलीत माणसांची वर्णनं गोळा करावी लागतील. त्याला वर्षं लागतील, पैसा लागेल, पीएच.डी.च्या मुदतीत ते बसणार नाही. मग विद्यापीठांनी मिळून ते हाती घ्यावं, आणि तोवर निव्वळ भाषांतरित चाचण्यांच्या गुणांवर कुणाची निवड किंवा नकार ठरवणं थांबवावं.