एकसष्टची बाटली आणि समोरची रिकामी खुर्ची

अलेक्झांडर पेनच्या 'साइडवेज'चं (२००४) नाव निघालं की लोकांना मर्लो प्यायला नकार देणारा चिडका माइल्स आठवतो. मला त्याचा बर्गर आठवतो.

माइल्स (पॉल जियामॅटी) शाळेत इंग्रजी शिकवतो. त्याची कादंबरी कुणी छापत नाही. लग्नाच्या दहाव्या वाढदिवसासाठी त्यानं १९६१ची 'शव्हाल ब्लाँ' जपून ठेवली होती. लग्न मोडलं, बाटली राहिली. आपल्याकडे शोकेसमधला चांगला कपांचा सेट पाहुण्यांची वाट बघत राहतो, तशीच. माया (व्हर्जिनिया मॅडसन) त्याला सुचवते, की ती बाटली उघडशील तोच खास दिवस.

वाइन जिवंत असते, शिखर गाठून उतरणीला लागते, हेही मायाचंच म्हणणं. ते नुसतं काव्य नाही. रेड वाइन मुरते तसा तिचा तुरटपणा निवळतो, तळाशी गाळ बसतो, ताज्या फळांचा वास मागे पडून ओली पानं, अळंबी, चामडं असे वास पुढे येतात. पण इतकी जुनी बाटली उघडली की काही तासांतच तिची रया जाऊ लागते. ७५० मिलिलिटर वाइन, तीही आजच संपवायची. म्हणजे सोबत माणसं हवीतच.

चित्रपटात ती आहेत. माइल्स, त्याचा मित्र जॅक, माया आणि स्टेफनी रेस्टॉरंटमध्ये जेवायला बसतात. बाटल्या येत राहतात, गप्पा रंगतात. माइल्सला हवं ते सगळं त्या टेबलावर आहे, आणि तो नेमका तिथून उठून आधीच्या बायकोला फोन लावतो.

पुढे ती गरोदर असल्याचं कळतं, तेव्हा कुठे बाटली उघडते. फास्ट फूडचं दुकान, बर्गर, ओनियन रिंग्ज आणि साध्या कपात चोरून ओतलेली चाळिशी पार केलेली वाइन. हा उंची वाइनचा अपमान वाटू शकतो. मला बर्गर खटकत नाही. साध्या जेवणासोबत जुनी वाइन उलट खुलते. खटकते ती समोरची रिकामी खुर्ची. शिवाय शव्हाल ब्लाँमध्ये काबर्ने फ्राँच्या जोडीला मर्लो असते. ज्या द्राक्षाला शिव्या घातल्या तेच माइल्स घोटाघोटानं पितोय, आणि पेन हे आपल्याला ओरडून सांगत नाही.

तक्रार आहे ती मायाबद्दल. वाइनबद्दलचं सर्वांत शहाणं बोलणं तिच्या तोंडी आहे, पण माइल्सला सावरण्यापलीकडचं तिचं आयुष्य आपल्याला फारसं दिसत नाही.

शेवटी माइल्स तिच्या दारावर टकटक करतो आणि चित्रपट संपतो. ती दार उघडेल, दोघं जेवायला बसतील, असं आपण धरून चालतो. पण एकसष्टची बाटली त्या टेबलावर नसेल. ती जिच्यासोबत प्यायची, ती माया केव्हाची समोर होती.