न्यायासनावरील धर्मपंडित

न्यायालयाच्या निर्णयाचें परीक्षण वाङ्मयविषयक मासिकांत कशाला, असें कांहीं वाचक विचारतील. परंतु कांहीं निर्णय कायद्यापेक्षां धर्मचिंतनाच्याच ग्रंथांत अधिक शोभतात. स्वामिनारायण पंथाच्या सत्संगी मंडळींच्या दाव्यांत ता. १४ जानेवारी १९६६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दिलेला निर्णय या जातीचा आहे. त्याचे लेखक सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर हे साताऱ्याचे, शास्त्री-पंडितांच्या घराण्यांतले, आणि ती विद्वत्ता प्रत्येक पानावर दिसते.

दाव्याचें मूळ साधें होतें. मुंबई इलाख्यांतील १९४७ च्या मंदिरप्रवेशाच्या कायद्यामुळें हरिजन आपल्या देवळांत येतील या भीतीनें अहमदाबादच्या सत्संग्यांनीं १९४८ सालीं दिवाणी कोर्ट गांठलें. आमचा धर्म हिंदुधर्माहून निराळा, सबब हिंदूंच्या देवळांचा कायदा आम्हांस लागू नाहीं, असें त्यांचें म्हणणें. तें न्यायालयानें फेटाळलें, व देवळांचीं दारें उघडलीं. या निकालाविषयीं आमची यत्किंचितहि तक्रार नाहीं. दुसरा कोणताहि निकाल लागता तर तो लाजिरवाणा झाला असता. आमचा वाद निकालाशीं नसून त्यासाठीं योजिलेल्या एका युक्तिवादाशीं आहे.

सत्संगी हिंदु कीं अहिंदु, हें ठरविणें न्यायालयास भागच होतें. त्यासाठीं हिंदुधर्म म्हणजे काय याचें दीर्घ विवेचन करून गजेंद्रगडकरांनीं लोकमान्यांची प्रसिद्ध व्याख्या आधारास घेतली. हें विवेचन वाचनीय आहे. महाविद्यालयांत नेमावें इतकें सुबोध आहे. पंथाचा वैष्णव उगम व त्याची कृष्णभक्ति हीं प्रमाणें समोर होतींच, आणि तेवढ्यावर निर्णय उभा राहात होता. परंतु न्यायमूर्ति तेथें थांबले नाहींत. सत्संग्यांची भीति अंधश्रद्धेतून व अज्ञानांतून निघाली असून खुद्द स्वामिनारायणांच्या शिकवणीचें मर्मच त्यांस कळलेलें नाहीं, असा अभिप्राय त्यांनीं शेवटीं नोंदविला! एखाद्या पंथास त्याच्याच गुरूच्या उपदेशाचा अर्थ समजावून सांगण्याचा हा अधिकार धर्मनिरपेक्ष राज्याच्या न्यायाधीशास कोणीं दिला? कीर्तनकारानें हें सांगितलें असतें तर आम्हीं माना डोलविल्या असत्या. कीर्तनकाराचें न ऐकण्याची मुभा श्रोत्यांस असते.

येथें मुंबईच्याच एका जुन्या निर्णयाची आठवण होते. पारशी लोकांच्या मुक्तादविधींसाठीं ठेवलेल्या द्रव्याचा प्रश्न विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत न्या. दिनशा दावर यांच्यापुढें आला. त्या विधींनीं समाजाचें कल्याण होतें अशी पारशांची श्रद्धा असेल, तर ती तशीच मान्य करणें ऐहिक न्यायाधीशाचें काम; ती खरी कीं खोटी हें तोलण्याचें नव्हे, असा त्यांच्या निर्णयाचा आशय आहे. हे दावर स्वतः पारशी होते. पांडित्य दाखविण्याची संधि त्यांस चालून आली होती. आणि लोकमान्यांस १९०८ सालीं सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावणारे दावर तेच! लोकमान्यांची व्याख्या शिरोधार्य मानणाऱ्यापेक्षां त्यांस शिक्षा देणाऱ्यानेंच श्रद्धेच्या बाबतींत अधिक संयम दाखवावा, हें आम्हां महाराष्ट्रीयांच्या पचनीं पडणें कठीण आहे.

पंथ नवा व लोकांस अप्रिय असला म्हणजे या पांडित्याची झळ कशी लागते, हें आनंदमार्गाच्या उदाहरणावरून दिसतें. हा पंथ १९५५ सालीं निघाला; तांडवनृत्य त्यांत १९६६ सालीं आलें. कवटी व सुरी हातीं घेऊन कलकत्त्याच्या रस्त्यांतून तें करण्यास पोलिसांनीं बंदी केली. शांतताभंगाचें कारण पुरेसें होतें. पण १९८३ सालीं, व पुन्हां २००४ सालीं बहुमतानें, सर्वोच्च न्यायालयानें निराळाहि मार्ग धरिला : पंथ तांडवावांचून चालला होता, म्हणून तें त्याचें आवश्यक अंग नव्हे. या मापानें पाहतां संस्थापक हयात असतांच ज्याचे आचार घडत असतात अशा कोणत्याहि पंथाचा निभाव लागावयाचा नाहीं. वारकरी संप्रदायासहि कधींकाळीं पहिलें वर्ष होतेंच कीं!

उलट १९८६ चा केरळांतील खटला पाहावा. यहोवासाक्षी पंथाचीं तीन मुलें शाळेंत राष्ट्रगीताच्या वेळीं आदरानें उभीं राहात, गात मात्र नसत. त्यांस १९८५ सालीं शाळेंतून काढण्यांत आलें. उच्च न्यायालयानें राष्ट्रगीताचे शब्द तपासले व त्यांत कोणाच्याहि धर्मभावनेस धक्का लागण्यासारखें कांहीं नाहीं, असें ठरविलें. सर्वोच्च न्यायालयांत न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनीं हा प्रश्नच बाजूस सारला. श्रद्धा आम्हांस पटते कीं नाहीं हें गौण. ती प्रामाणिक आहे काय, आणि तीमुळें सार्वजनिक सुव्यवस्था, नीति वा आरोग्य यांस बाध येतो काय, एवढेंच त्यांनीं पाहिलें. मुलें शाळेंत परत आलीं.

ही कसोटी सत्संग्यांच्या दाव्यास लावली असती तर हरिजनांचें काय झालें असतें, अशी शंका कोणी घेईल. अस्पृश्यता घटनेच्या १७ व्या कलमानेंच नष्ट केली आहे, आणि हिंदूंचीं सार्वजनिक देवळें सर्व वर्गांच्या हिंदूंस खुलीं करण्याचा अधिकार २५ व्या कलमानें राज्यास दिला आहे. शंकितांनीं अज्ञान व अंधश्रद्धा यांविषयींचा तो एक परिच्छेद गाळून १९६६ चा निर्णय पुन्हां वाचावा. निकालांतील एक अक्षरहि हलत नाहीं.