अनुभव आणि कथन यांतील अंतर : दोन मराठी आठवणी आणि समाजमाध्यमांवरील भावप्रदर्शन

प्रस्तावना

निफाड हे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे जन्मगाव. १८ जानेवारी १८४२ रोजी येथे जन्मलेल्या या विचारवंताने आत्मचरित्र लिहिले नाही. त्यांच्या घरातील आयुष्य वाचकांसमोर आणले ते त्यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांनी. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हा त्यांचा ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. याच जिल्ह्यात, नाशिकजवळील जलालपूर येथे जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून चार भागांत वाचकांपुढे आली. संसारातील रुसवे, अपमान, ताटातूट, मृत्यू असे कितीतरी खाजगी अनुभव या दोन स्त्रियांनी सार्वजनिक केले. मराठी वाचकाने त्यांना उथळ म्हटले नाही. उलट या ग्रंथांना मराठी आत्मपर लेखनात मानाचे स्थान दिले.

आज समाजमाध्यमांवर दिसणाऱ्या भावप्रदर्शनाविषयी मात्र सुशिक्षित वर्गात सर्वत्र नाराजीचा सूर ऐकू येतो. नवऱ्याशी झालेले भांडण, मुलाचे गुण, आईचे आजारपण, रुग्णालयातील छायाचित्र, चितेचे छायाचित्र असे सारे काही 'स्टेटस'वर येते. याबाबत दोन भूमिका प्रचलित आहेत. पहिलीनुसार हा संस्काराचा ऱ्हास आहे, तर दुसरीनुसार हे मुक्त अभिव्यक्तीचे नवे युग आहे. दोन्ही भूमिकांत एक गोष्ट समान आहे. दोन्ही 'किती सांगितले' याचाच विचार करतात. प्रस्तुत लेखात वेगळी कसोटी मांडण्याचा प्रयत्न केला आहे. अनुभव आणि कथन यांच्यामध्ये किती अंतर आहे व ते कशाने निर्माण झाले आहे, ही ती कसोटी होय.

भाव आणि रस

भारतीय काव्यशास्त्राने भाव आणि रस यांत भेद केला आहे. प्रत्यक्ष जीवनातील शोक हा शोकच असतो. तो करुणरस नव्हे. विशिष्ट व्यक्तीचा भाव त्या व्यक्तीच्या सुखदुःखातून मुक्त होऊन सर्वांच्या आस्वादाचा विषय होतो, तेव्हाच रसनिष्पत्ती संभवते. भट्टनायकाने या प्रक्रियेला साधारणीकरण म्हटले आणि अभिनवगुप्ताने तिची पुढे चिकित्सा केली. क्रौंचवधाने व्याकूळ झालेल्या वाल्मीकींच्या शोकाचा श्लोक झाला, या कथेचे मर्मही हेच आहे. शोक आणि श्लोक यांच्यामध्ये छंद आहे, म्हणजे रूप आहे.

नाट्य व काव्य यांच्यासाठी घडलेला हा सिद्धान्त आठवणींच्या लेखनाला जसाच्या तसा लावता येणार नाही, हे उघड आहे. आठवणींत व्यक्ती खरी असते आणि तिचे नावही खरे असते. तरीही एक सूत्र उपयोगी पडते. सांगणाऱ्याचा भाव ऐकणाऱ्याचा व्हायचा असेल, तर त्या दोघांच्या मध्ये काहीतरी असावे लागते. कधी तो काळ असतो, कधी रूढ रूप असते, तर कधी स्वतःकडे त्रयस्थपणे पाहण्याची वृत्ती असते.

मराठी परंपरेतील खाजगीचे प्रकटीकरण

खाजगी दुःख चारचौघांत न सांगणे ही मराठी संस्कृती आहे, असे मानणे वस्तुस्थितीला धरून नाही. जात्यावरील ओव्यांत सासुरवास, माहेरची ओढ, नवऱ्याचा दुरावा हे सारे उघडपणे येते. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सुरू केलेल्या संकलनात अशा लाखभर ओव्या गोळा झाल्या. ओवी गाणारी स्त्री आपलेच दुःख सांगते, परंतु ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या शब्दांत सांगते. त्यामुळे जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसलेलीला ते आपले वाटते आणि सांगणारीही उघडी पडत नाही.

रमाबाईंच्या ग्रंथात हे काम काळाने केले आहे. १८७३ मध्ये वयाच्या अकराव्या वर्षी विवाह होऊन त्या रानड्यांच्या घरी आल्या. त्यांच्या शिकण्याला घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी केलेला विरोध त्या सविस्तर सांगतात. पुण्यातील पंचहौद मिशनचे १८९० चे चहाप्रकरण आणि त्यातून न्यायमूर्तींनी घेतलेले प्रायश्चित्त, हा पतीवर टीका ओढवणारा प्रसंगही त्या गाळत नाहीत. न्यायमूर्तींचे निधन १६ जानेवारी १९०१ रोजी झाले आणि ग्रंथ आला तो नऊ वर्षांनंतर. या नऊ वर्षांत दुःख ओसरले असे नव्हे. त्या दुःखाकडे पाहण्याचे स्थान लेखिकेला सापडले. ज्यांनी छळले त्यांच्याविषयी लिहितानाही त्यांची बाजू समजून घेण्याची तयारी या लेखनात दिसते.

लक्ष्मीबाईंच्या बाबतीत हे अंतर याहून मोठे आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर सुमारे पाच वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग प्रसिद्ध झाला तेव्हा धर्मांतराच्या घटनेला जवळजवळ चाळीस वर्षे लोटली होती आणि टिळकांच्या निधनालाही पंधरा वर्षे झाली होती. येथे काळाबरोबर विनोद हे दुसरे साधन काम करते. लक्ष्मीबाई वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाला हसतात, पतीच्या लहरीपणाला हसतात आणि सर्वांत जास्त स्वतःला हसतात. स्वतःच्या वेडेपणाची साक्ष देणाऱ्या लेखिकेकडून इतरांची बदनामी होईल, अशी शंका वाचकाला येत नाही.

दया पवारांच्या 'बलुतं'चा (१९७८) उल्लेखही येथे आवश्यक आहे. समाजाची लाज चव्हाट्यावर मांडली, असा आक्षेप या आत्मकथनावर स्वकीयांकडूनही घेतला गेला. 'अति सांगितले' ही तक्रार समाजमाध्यमांच्या आधीची आहे, हे त्यावरून दिसते. पवारांनी कथनासाठी एक विशेष रचना निवडली. त्यात दगडू मारुती पवार हा दया पवारांना आपली कहाणी सांगतो. भोगणारा आणि लिहिणारा असे एकाच माणसाचे दोन भाग लेखकाने केले. अंतर निर्माण करण्याची ही तिसरी रीत होय.

माध्यमाची रचना

समाजमाध्यमांचा विचार या पार्श्वभूमीवर केला म्हणजे दोष केवळ सांगणाऱ्याच्या वृत्तीत नाही, हे ध्यानात येते. २००६ मध्ये सर्वांसाठी खुले झालेले फेसबुक वापरणाऱ्याला मनात काय चालले आहे, असे विचारत राहिले. प्रश्न 'चालले आहे' असा आहे, 'होऊन गेले' असा नाही. २०१६ च्या उत्तरार्धात भारतात स्वस्त इंटरनेट पोहोचले आणि २०१७ मध्ये व्हॉट्सॲपवर चोवीस तासांनी नाहीसे होणारे स्टेटस आले. जे चोवीस तासांत पुसले जाणार आहे ते पुन्हा वाचून दुरुस्त करण्याची गरज कोणाला वाटणार? भाव उठताक्षणीच तो कथन होतो. मधला काळ, रूप आणि त्रयस्थता ही तिन्ही या रचनेतून वजा होतात.

श्रोत्याच्या बाजूनेही हेच घडते. फेसबुकने २००९ मध्ये पसंतीचे बटण आणले आणि २०१६ मध्ये त्याचा विस्तार करून मोजक्या प्रतिक्रियांचा संच दिला. भरताने आठ स्थायिभाव मानून त्यांना व्यभिचारी भावांची जोड दिली. येथे रडका चेहरा उमटवला की सहृदयाचे कर्तव्य संपते. प्रतिक्रियेची संख्या दिसत असल्याने सांगणाऱ्याचे लक्ष अनुभवावरून त्या संख्येकडे वळते. अर्व्हिंग गॉफमन यांनी माणूस दैनंदिन जीवनातही प्रेक्षकांसमोर वावरत असतो, असे प्रतिपादन केले होते. परंतु त्यांच्या मांडणीत रंगमंचामागील जागाही होती. स्टेटसच्या सवयीने ती जागाच रंगमंचावर आणली.

निफाड परिसरातील दोन रूपे

ग्रामीण भागात या माध्यमाचे सारेच रूप प्रदर्शनाचे आहे, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पूर्वी मृत्यूची वार्ता घेऊन गावोगाव माणूस धाडावा लागे. नोकरीनिमित्त विखुरलेल्या आप्तांना आज स्टेटसवरून निधनाची, अंत्यविधीची आणि दशक्रियेची वेळ कळते. 'भावपूर्ण श्रद्धांजली' हे ठरीव शब्द अनेकांना कृत्रिम वाटतात. तथापि, ओवीप्रमाणेच तेही एक रूढ रूप आहे. ज्याला शब्द सुचत नाहीत त्याला ते उभे राहण्यास जागा देते. त्यापुढे जाऊन मृतदेहाचे छायाचित्र टाकले जाते, तेव्हा मात्र रूप मोडते आणि मृताची प्रतिष्ठाही जाते.

दुसरे उदाहरण २०१८ च्या नोव्हेंबरमधील आहे. निफाड तालुक्यातील एका शेतकऱ्याने साडेसात क्विंटल कांदा विकला. किलोला दीड रुपयाचाही भाव मिळाला नाही आणि हाती आले १,०६४ रुपये. ही सर्व रक्कम त्याने मनीऑर्डरने पंतप्रधानांकडे पाठविली. त्या कृतीत संताप होता, अपमान होता, चार महिन्यांच्या कष्टाचे दुःखही होते. परंतु ते सारे एका आकड्यात आणि एका अर्जात बांधलेले होते. ही वार्ता समाजमाध्यमांवरून देशभर पोहोचली. वाचणाऱ्यांना एका माणसाचे रडणे दिसले नाही, कांदा पिकविणाऱ्या सर्वांचा हिशोब दिसला. साधारणीकरणाचे याहून स्पष्ट उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

एक आक्षेप

यावर असा आक्षेप येऊ शकतो की थांबणे ही सुस्थितीतल्यांची चैन आहे. रमाबाई नऊ वर्षे थांबू शकल्या. २०२३ च्या नोव्हेंबर महिन्यात गारपिटीने द्राक्षबाग झोडपली गेली, तेव्हा बागायतदाराने चित्रफीत टाकण्यासाठी कोणत्या वर्षाची वाट पाहावी? छळ सोसणाऱ्या स्त्रीने मदतीची हाक संयत भाषेत मारावी काय? हा आक्षेप खरा आहे आणि त्यामुळे कसोटीला मर्यादा घालणे भाग आहे. मदतीची हाक ही कथन नव्हे. तिला साहित्याचे नियम लावणे हा क्रूरपणा होईल. शिवाय मनीऑर्डरच्या उदाहरणात काळ थोडाच होता. त्याची जागा रूपाने घेतली. म्हणजे अंतर काळानेच निर्माण होते, असे नाही.

खरा प्रश्न तिसऱ्या व्यक्तीचा आहे. आत्मकथन कधीच एकट्याचे नसते. त्यात नवरा असतो, सून असते, नापास झालेला मुलगा असतो, अंथरुणाला खिळलेली आई असते. रमाबाई आणि लक्ष्मीबाई यांनी त्यांना लेखनात स्थान दिले, तेव्हा त्यांची बाजू मांडण्याची जबाबदारीही घेतली. ताज्या रागात टाकलेल्या चार ओळींत ही जबाबदारी घेतली जात नाही, कारण ती घेण्यास लागणारा वेळच मध्ये नसतो. रुग्णशय्येवरील आईची संमती कोणी विचारत नाही आणि लहान मुलाला तर ती देता येत नाही. संकोचाच्या या प्रश्नात सर्वांत मोठी हानी सांगणाऱ्याची नसून ज्याच्याविषयी सांगितले त्याची होते.

निष्कर्ष

१) खाजगी भावनांचे सार्वजनिक कथन मराठीला नवे नाही. ओवी, आठवणी आणि दलित आत्मकथने यांनी ते मोठ्या धैर्याने केले आहे. म्हणून 'पूर्वी लोक सांगत नसत' ही तक्रार टिकत नाही.

२) कथनाचे मोल किती सांगितले यावर ठरत नाही. अनुभव आणि कथन यांच्यामध्ये काळ, रूप किंवा त्रयस्थता यांपैकी काही आहे काय, यावर ते ठरते.

३) समाजमाध्यमांची रचना हे अंतर पुसून टाकते. तथापि, वापरणारा ते पुन्हा निर्माण करू शकतो.

४) मदतीची हाक या कसोटीतून वगळली पाहिजे, परंतु ज्यांना स्वतःची बाजू मांडता येत नाही अशांची प्रतिष्ठा कोणत्याही कथनात वगळता येणार नाही.

महाविद्यालयांत 'स्मृतिचित्रे' शिकविताना विद्यार्थ्यांच्या स्टेटसची थट्टा करण्याचा मोह शिक्षकाला होणे स्वाभाविक आहे. त्याऐवजी लक्ष्मीबाईंनी काय सांगितले, याबरोबरच त्या केव्हा आणि कोणाला सांभाळून बोलल्या, हा प्रश्न वर्गात विचारला गेला, तर जुना ग्रंथ आणि नवे माध्यम या दोहोंचे वाचन अधिक डोळस होईल.