ग्रंथसूचीचें दृश्यरूप व संशोधकाची गरज

सार्वजनिक ग्रंथालयांच्या सूची यंत्रावर आल्यापासून शोधाचें फळ यादीऐवजीं चित्ररूपानें दाखविण्याचे प्रयत्न झाले आहेत. हॉलंडांत निर्माण झालेलें ‘अ‍ॅक्वाब्राउझर’ हें त्यांपैकीं एक साधन अमेरिकेंतील कांहीं सार्वजनिक ग्रंथालयांनीं वापरलें. वाचकानें घातलेला शब्द मध्यें ठेवून त्याभोंवतीं संबद्ध शब्द, लेखनभेद व परभाषेंतील पर्याय निरनिराळ्या रंगांनीं मांडावयाचे, अशी त्याची रचना. दुसरा प्रकार कालरेषेचा. त्यांत ग्रंथ वर्षानुक्रमें मांडतात. पुण्यांतील पोथ्यांच्या सूचींस हें रूप कितपत मानवेल, तें पाहूं.

शब्दमंडलाचा गुण प्रथम सांगितला पाहिजे. ‘ज्ञानेश्वरी’, ‘ज्ञानदेवी’ व ‘भावार्थदीपिका’ हीं एकाच ग्रंथाचीं नांवें. वाचकानें एक नांव घातलें व नोंद दुसऱ्या नांवानें असली, तर सूची ‘नाहीं’ म्हणते आणि पोथी कपाटांत असून नसल्यासारखी होते. तीनहि नांवें एकत्र दिसतील तर संशोधकाचे श्रम वांचतील.

परंतु हा संबंध यंत्र आणतें कोठून? नोंदींत जे शब्द वारंवार एकत्र येतात, त्यांचाच तें संबंध जोडतें. पोथीची नोंद बहुधा दोन ओळींची. तींत दुसरें नांव नसेल तर मंडलांतहि तें उमटणार नाहीं. उलट ‘भास्कर’ हा शब्द घातल्यास लीलावतीकार भास्कराचार्य व ललितासहस्रनामाचे भाष्यकार भास्करराय शेजारीं येतील, आणि नवशिक्या वाचकास ते एकच वाटतील.

कालरेषेचा धोका याहून मोठा. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे इसवी सन १५८४ मध्यें, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. नोंदींत ‘शके’ हा शब्द गळला तर रेषेवर ती प्रत १५०६ सालीं, एकनाथांच्या जन्माच्याहि आधीं जाऊन बसेल. तोच अंक विक्रम संवताचा मानल्यास १४४९ साल येईल. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांतील सरकारी संग्रहाच्या पोथ्यांस क्रमांकाबरोबर संपादनाचें वर्ष, जसें १८७५-७६, जोडलेलें असतें. तेंच लेखनवर्ष समजलें गेल्यास शतकांचा घोटाळा होईल. यादींतील चूक जाणता वाचक ताडतो. चित्रांतील चूक मात्र सिद्धान्तासारखी भासते.

जर्मन पंडित ऑफ्रेख्ट यांनीं १८९१ ते १९०३ या काळांत तीन भागांत ‘कॅटलॉगस कॅटलॉगोरम’ प्रसिद्ध केला. अनेक संग्रहांच्या सूची एकत्र करून संस्कृत ग्रंथ व ग्रंथकार त्यांनीं वर्णानुक्रमें लाविले. त्यांत एकहि चित्र नाहीं. तरी संबंध जोडण्याचें काम तेथें ज्ञात्या माणसानें केलेलें असल्यामुळें तो आजहि उपयोगी पडतो.

आमचें मत असें कीं, द्रव्य व मनुष्यबळ मर्यादित असतां तें प्रथम नोंदींवर खर्च व्हावें. प्रत्येक ग्रंथाचीं पर्यायी नांवें, समाननामक ग्रंथकारांमधील भेद, समाप्तिलेखांतील मूळ कालनिर्देश व त्याचें इसवी सनांत केलेलें रूपांतर हीं चार अंगें तज्ज्ञांकडून भरून घ्यावीं. मोडी व जुन्या लिपी वाचणारे लोक विरळ होत चालले आहेत. चित्र पुढील पिढीसहि काढतां येईल. खासगी संग्राहकांनींहि आपल्या पोथीचा समाप्तिलेख अक्षरशः उतरून ठेवावा. एवढें झाल्यावर मंडल काढा, रेषा काढा; आमची हरकत नाहीं.