तेरा रस आणि एक चांदणी

मराठीत सर्वांत जास्त वाचला जाणारा वाङ्मयप्रकार कोणता, असे कोणी विचारले तर विद्वान लोक कादंबरीचे नाव घेतील, हळवे लोक कवितेचे. दोघेही चुकतात. सर्वांत जास्त वाचला जाणारा प्रकार म्हणजे रविवारच्या वर्तमानपत्रातून घरंगळत पायाशी पडणारे जाहिरातीचे पत्रक. त्याची समीक्षा मात्र आजवर कोणी केलेली नाही. मी बी.कॉम. असल्यामुळे साहित्याच्या दिंडीदरवाजातून मला कोणी आत घेणार नाही. तेव्हा या चोरवाटेने शिरायचे ठरवले.

समीक्षेसाठी घेतलेले पत्रक आमच्या आंबिवलीतलेच आहे. कल्याणहून कसाऱ्याकडे निघाले की शहाड आणि मग आंबिवली. आमच्या पट्ट्यात भात पिकत असे, आता पत्रके पिकतात. या पत्रकाचे पहिले वाक्य असे: ‘निसर्गाच्या कुशीत, स्टेशनपासून फक्त पाच मिनिटे!’ आणि ‘मिनिटे’ या शब्दाच्या डोक्यावर एक नाजूक चांदणी. चांदणी दिसली की वाचकाने ओळखावे, की आता अमावास्या जवळ आली. या चांदणीचा जोडीदार पानाच्या तळाशी राहतो. तिथे मुंग्यांची रांग दिसते. चष्मा लावला की कळते, त्या मुंग्या नसून अटी आहेत.

मी आणि माझा मेहुणा त्या रविवारी स्टेशनवरून चालत निघालो. मेहुण्याला घर घ्यायचे होते आणि मला समीक्षा करायची होती. घड्याळ लावून गेलो. तेवीस मिनिटे लागली, त्यात एक मिनिट म्हशींना वाट देण्यात गेले. टाय लावलेल्या मुलाला मी विचारले, ‘‘पाच मिनिटं म्हणता ती कशी?’’

‘‘सर, ती बाइकवर.’’

‘‘बाइकवर तरी या खड्ड्यांतून पाच मिनिटं?’’

‘‘रस्ता झाल्यावर, सर.’’

‘‘रस्ता कधी होणार?’’

त्यावर त्याने आम्हांला सरबत दिले. सरबतावर चांदणी नव्हती.

पत्रकातले दुसरे महत्त्वाचे वाक्य: ‘२५ लाखांपासून.’ शाळेत शब्दयोगी अव्यये पाठ करताना छडी खाल्ली होती. त्यातल्या ‘पासून’ या अव्ययात किती शक्ती आहे हे कळायला चाळिशी उलटावी लागली. ‘पासून’ म्हणजे सुरुवात. पुढे पार्किंग, मग सोसायटीची अनामत, मग विजेच्या मीटरचे, मग मुद्रांक शुल्क आणि नोंदणी. शेवटी आकडा आला तेव्हा मेहुण्याने दुसरे सरबत मागितले. किंमत अशी थेंबथेंब सांगण्याला सरकारी नियमांत ‘ड्रिप प्रायसिंग’ म्हणतात. आपण ठिबक किंमत म्हणू. ठिबक सिंचनात शेतकऱ्याचे पाणी वाचते. ठिबक किमतीत गिऱ्हाइकाच्या तोंडचे पाणी पळते.

समीक्षकाने गुणही सांगावेत. या पत्रकाच्या कोपऱ्यात एक काळा-पांढरा चौकोन होता. महारेराने १ ऑगस्ट २०२३ पासून घरांच्या जाहिरातींत हा क्यूआर कोड सक्तीचा केला आहे. मोबाइल त्याच्यासमोर धरला की प्रकल्पाची नोंदणी आणि इमारत पुरी करण्याची बिल्डरने दिलेली तारीख दिसते. संपूर्ण पत्रकात शब्द नसलेला भाग तेवढा हाच, आणि विश्वास ठेवावा असा भागही हाच. यावरून मराठी भाषेबद्दल काय निष्कर्ष काढायचा तो ज्याचा त्याने काढावा.

आता ‘सरकारी नियम’ म्हटले, तर त्यांचीही समीक्षा करणे आले. आपल्या काव्यशास्त्राने रस मोजले नऊ. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मोजले तेरा. इंटरनेटवरच्या दुकानांत आणि मोबाइलच्या ॲपमध्ये गिऱ्हाइकाला चकवणाऱ्या तेरा क्लृप्त्यांची त्यांनी नावानिशी यादी केली आणि त्यांवर बंदी घातली. या क्लृप्त्यांना ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात. हॅरी ब्रिग्नल नावाच्या इंग्रज गृहस्थाने २०१० मध्ये हे बारसे केले. मी त्यांना काळी नक्षी म्हणतो.

यादी वाचताना मला एकसारखे ओळखीचे चेहरे दिसत होते. ‘फक्त दोनच शिल्लक! सतरा जण पाहत आहेत!’ ही खोटी घाई, म्हणजे भयानक रस. तुम्ही न घेतलेली वस्तू तुमच्या टोपलीत आपोआप उगवते, तो अद्भुत. ‘नको, मला पैसे वाचवण्याची इच्छा नाही’ असे बटण दाबल्याखेरीज बाहेर पडता येत नाही, तो करुण. पुन्हा पुन्हा तेच विचारून भंडावणे हाही यादीत आहे. हे वाचून पंगतीत जिलबीचे ताट घेऊन आग्रह करणारे आमचे एक काका डोळ्यांपुढे आले. ते आज असते तर त्यांना प्राधिकरणाची नोटीस नक्की आली असती. आणि काचेत एक माल दाखवून आत दुसराच गळ्यात मारणे? लग्नाच्या बस्त्याला गेलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे. ‘‘ती काचेतली साडी आत्ताच गेली बघा ताई, पण ही बघा, तिचीच थोरली बहीण!’’

मग यात नवे काय, असे कोणी म्हणेल. मीही आधी तसेच म्हटले. पण साडीच्या दुकानातून उठून येता येते. दुकानदार आपला चेहरा बघत असतो. बाई खरोखर चिडल्या आहेत हे दिसले की दहा रुपये उतरतो आणि पुढच्या लग्नाला हेच गिऱ्हाईक परत यायला हवे म्हणून थोडी लाज राखतो. पडद्यामागच्या दुकानाला आपला चेहरा दिसत नाही. आपण कुठे अडखळतो तेवढे मात्र त्याला बरोबर दिसते.

याआधी, जून २०२२ मध्ये, याच प्राधिकरणाने फसव्या जाहिरातींसाठी नियम काढले. ते वाचून मी अक्षरशः टाळी वाजवली. ‘मोफत’ म्हटले तर ते मोफतच हवे, फार तर माल आणण्या-पोचवण्याचा अटळ खर्च घ्यावा. तळटीप जाहिरातीच्या भाषेतच हवी, अक्षरही तेवढेच हवे, आणि वरच्या दाव्याला खालच्या टिपेने खोटे पाडायचे नाही. म्हणजे मुंग्यांना माणसाएवढे करा! २०१९ च्या कायद्याप्रमाणे फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत.

आता दोष. जाहिरातीची तळटीप जाहिरातीच्या भाषेत हवी असे सांगणारे हे नियम राजपत्रात छापले जातात हिंदी-इंग्रजीत. आंबिवलीच्या गिऱ्हाइकाला मराठीत फसवायचे आणि इंग्रजीत वाचवायचे, अशी ही वाटणी. दुसरे म्हणजे, जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांना सांगितले की, तीन महिन्यांत तुमची काळी नक्षी तुम्हीच शोधा. आपली उत्तरपत्रिका आपणच तपासायची ही सवलत आम्हांला अकाउंटन्सीच्या पेपरला मिळाली असती, तर मी आज चार्टर्ड अकाउंटंट असतो.

इथवर समीक्षा खेळीमेळीत चालली होती. मग ती घरात शिरली.

आमच्या आईने कीर्तने ऐकण्यासाठी मोबाइलवर कुठलेसे ॲप घेतले. ‘सात दिवस मोफत’ होते. आठव्या दिवशी २९९ रुपये गेले. तीन महिन्यांनी पुन्हा २९९. असे तीनदा झाल्यावर मला पासबुकात दिसले. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून असे आपोआप पैसे कापण्याआधी किमान २४ तास निरोप यावा लागतो. निरोप आलाही होता. इंग्रजीत.

‘‘आई, हा मेसेज बघितला नाहीस?’’

‘‘बघितला की. बँक म्हणून लिहिलं होतं. म्हटलं, बँकेचं आहे म्हणजे तुला ठाऊक असेल.’’

‘‘अगं, पण मग विचारायचंस तरी!’’

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘‘तिसऱ्यांदा गेले तेव्हा आलं लक्षात. पण पैशांचं नाही रे वाटत. आपल्याला कळलं नाही याची लाज वाटते.’’

यूपीआयच्या ॲपमध्ये ‘ऑटोपे’च्या खान्यात जाऊन मी तो करार रद्द केला. तिथे दोन मिनिटे लागली. कीर्तनाच्या ॲपमधून खाते बंद करायला गेलो, तर त्याने पाच वेळा ‘खरंच जाता?’ विचारले आणि शेवटी एक रडके बाहुले दाखवले. चालू करायला एक बोट, बंद करायला दोन्ही हात. यादीतली ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ म्हणजे वर्गणीचा सापळा तो हाच.

तक्रार करावी म्हटले. त्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक आहे. पुढे ठाण्याचा जिल्हा ग्राहक आयोगही आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. पण ८९७ रुपयांसाठी भांडायला माणूस सहसा उठत नाही, आणि हे हिशेब करणाऱ्याला पक्के माहीत असते. एकट्याचे ८९७ रुपये क्षुल्लक, लाखांचे मिळून कारखाना उभा राहतो. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली आणि घरोघरच्या बायका एकत्र येऊन महिन्याचा किराणा घाऊक भावात घेऊ लागल्या, त्यामागे हाच हिशेब होता, फक्त उलटा लावलेला. १९८६ चा कायदा त्यानंतरचा.

हे सगळे मी आईला मोठ्या आवेशात सांगितले. तिने शांतपणे विचारले, ‘‘तुमच्या बँकेत नाही ना रे असलं?’’

मी ‘छे!’ म्हणालो आणि त्याच क्षणी मला ते मोहन्याचे आजोबा आठवले. आयुष्यभर कारखान्यात राबलेले. त्यांच्या खात्यातून दर वर्षी कसलीशी रक्कम कापली जात होती आणि ती त्यांना बंद करायची होती. मी त्यांना अर्ज दिला. मग झेरॉक्सला पाठवले. मग म्हणालो, हे मुख्य शाखेत होतं. तिसऱ्या खेपेला ते काउंटरच्या कडेला धरून उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘साहेब, चालू करताना एकच सही लागली होती.’’

मी म्हणालो, ‘‘नियम आहे.’’

ती एक सही त्यांनी माझ्यासमोरच केली होती. आम्ही काउंटरवाले फॉर्मवर पेन्सिलीने फुल्या मारून देतो: ‘‘फुली आहे तिथे सही करा.’’ माणूस फुली बघतो, फॉर्म बघत नाही. आणि ही फुली नीट बघितली तर ती चांदणीच असते. दोन रेघा कमी, इतकेच. तेरा क्लृप्त्यांची यादी वाचताना ओळखीचे चेहरे दिसले असे मी वर लिहिले आहे. त्यांतला एक मी मुद्दाम गाळला होता.

आता मी फुली मारण्याआधी वर काय लिहिले आहे ते मराठीत वाचून दाखवतो. बहुतेक लोक ‘‘बरं बरं, करा’’ म्हणतात. काही जण मात्र म्हणतात, ‘‘मग नको.’’ काउंटरपुढची रांग लांबते आणि मॅनेजर काचेतून बघतात. आजोबा पुन्हा आलेले नाहीत. आले तर मुख्य शाखेत मीच जाईन, असे ठरवले आहे.

परवाच्या रविवारी नवे पत्रक पडले. इमारत तीच, निसर्गही तोच, पण ‘स्टेशनपासून फक्त चार मिनिटे!’ मेहुण्याला दाखवले. तो चांदणीकडे बघत म्हणाला, ‘‘स्टेशन सरकलं असेल.’’